चर्चखालचा थ्री-टायर

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. उपासना संपल्यावर देवानंदराव खरातांनी चर्चच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं, पंधरा जागांचे सात हजार पाचशे पंधरा रुपये मोजून नोटांना रबर लावलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचं नाव वेटिंगमध्ये तीन नंबरला लिहिलं. ते शेवटचं माणूस म्हणजे त्यांची बायको होती.

बुकिंग कसलं होतं ते आधी सांगायला हवं. मेल्यावर पडून राहायच्या जागेचं.

जालन्यात कुंडलिका नदीच्या अलीकडे एक जुनं दगडी चर्च आहे. मंडळी लहान, पण चार पिढ्यांची. चार पिढ्यांत माणसं जेवढी जन्मली तेवढीच वारली, आणि वारलेली सगळी एकाच दफनभूमीत गेली. दफनभूमी काही वाढली नाही. अलीकडे तर नवी कबर खणताना जुन्या कबरीतल्या माणसाला थोडं सरका म्हणायची पाळी आली होती. नव्या जागेचा अर्ज कचेरीत होता, आणि कचेरीतल्या अर्जाला मरणाची घाई नसते.

देवानंदराव पस्तीस वर्षं जालना स्टेशनात आरक्षणाच्या खिडकीत बसले. निम्म्या गावाला त्यांचा चेहरा जाळीतून पाहायची सवय. बाजारात समोर आले की लोक क्षणभर घोटाळत, मग पंजा डोळ्यांपुढे जाळीसारखा धरून बघत आणि म्हणत, अरे, हे तर खरातसाहेब. रांग मोडून त्यांनी कुणाला कधी पुढं घेतलं नाही. पुढाऱ्याला नाही, डॉक्टरला नाही, सख्ख्या साडूला नाही. साडू अजून बोलत नाहीत.

त्यांची बायको नीलाबाई बोलत, पण त्यांचं सगळं बोलणं फिरून एकाच ठिकाणी यायचं. त्या अंकुशनगरच्या, भाऊ साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर कामाला. लग्नानंतर दोन आठवड्यांनी नवरानवरी सिकंदराबादला मावशीकडं निघाली. त्या काळी मीटरगेजची गाडी. देवानंदरावांनी रीतसर रांगेत उभं राहून फॉर्म भरला आणि दोघांची तिकिटं वेटिंगमध्ये राहिली. खिडकीच्या आत त्यांच्याच कचेरीतला सहकारी बसला होता. त्याने डोळा मारून विचारलं, करू का काही? देवानंदराव म्हणाले, नको. मग नवरा आरक्षणाचा बाबू आणि नवरी नव्या साडीत संडासाच्या दाराशी लोखंडी पेटीवर, अशी ती रात्र गेली. पुढं बाळंतपणाला माहेरी जाताना मिडल बर्थ, आईच्या आजारपणात वेटिंग सात, मुलीच्या ॲडमिशनला पुण्याला जाताना पुन्हा वेटिंग. नीलाबाईंना अंक पाठ होते. दुसऱ्या बायका दागिन्यांचा हिशेब सांगत, ह्या बर्थांचा सांगत.

रिटायर झाल्यावर मुलीने, म्हणजे आकांक्षाने, आईबापांना पवित्र भूमीच्या टूरवर पाठवायचं ठरवलं. पैसे भरले आणि तिकडं लढाई लागली. टूरवाल्याने इस्राएल गाळलं आणि त्याच्या जागी रोम घातलं. रोममध्ये एका चर्चखालच्या भुयारात त्यांना नेलं. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक आपली माणसं इथं पुरत, असं गाईड सांगत होता. मऊ दगडात बोळ खोदलेले, दोन्ही अंगांच्या भिंतींत एकावर एक कप्पे, एकेका कप्प्यात एकेक माणूस. टूरमधल्या बायका रडल्या, एका काकांनी गीत सुरू केलं. देवानंदराव मात्र मान खालून वर, वरून खाली करत राहिले.

"नीला, हे बघ. लोअर, मिडल, अपर."

नीलाबाईंनी वर पाहिलं. "पंखा न्हाई," त्या म्हणाल्या.

ते दोघं परत आले आणि जानेवारीत चर्चच्या मागच्या खोलीची फरशी खचली. वाजवायची पेटी ठेवायचं स्टूल एका पायाने सरळ आत गेलं. लालमियाँ मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दोन फरशा उचलल्या, तर खाली काळोख. लालमियाँनी खडा टाकला, कान लावला आणि सांगितलं, पेव हाय. चर्चच्या आधी ही जागा ज्वारीच्या अडत्याची होती. मुरमात खोदलेल्या, आत रांजणासारख्या फुगत गेलेल्या अशा खड्ड्यांत तेव्हा धान्य साठवत. लालमियाँचे आजोबा पेवंच खोदायचे. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते हे त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, मग कंदील सोडून पाहिला, आणि तो विझला नाही तेव्हाच शिडी लावली.

देवानंदराव खाली उतरले, भिंतीवर हात फिरवला आणि त्यांना रोम आठवलं. पुढच्या रविवारी त्यांनी पंचांपुढं योजना ठेवली. गोल भिंतीत पाच ठिकाणी तीन-तीन कप्पे, एकूण पंधरा जागा, प्रत्येकी पाचशे एक रुपये. आपल्या पहिल्या भावंडांची हीच रीत होती, असंही ते म्हणाले. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, तरुण होते. त्यांनी महापालिकेची परवानगी लागेल एवढंच सुचवलं. पंच म्हणाले, परवानगी येईल तेव्हा येईल, जागा धरून ठेवायला काय हरकत आहे? काम लालमियाँना दिलं. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मंजे बिलकुल तेच की, साहेब. फकस्त ज्वारीच्या जागी माणसं."

बुकिंगचं काम देवानंदरावांकडं येणं ओघानेच आलं. त्यांनी फॉर्म छापून आणले. नाव, वय, स्त्री की पुरुष, कोणती जागा हवी. आणि हाताला सवय असल्यामुळे शेवटी 'प्रवासाची तारीख' हाही रकाना राहून गेला. लोकांनी तो आपापल्या श्रद्धेप्रमाणे भरला. कुणी 'प्रभूची इच्छा' लिहिलं, कुणी 'निश्चित नाही', आणि रखमाजी निर्मळांनी 'एवढ्यात नाही' असं लिहून खाली रेघ ओढली.

बुकिंगच्या पहिल्या रविवारीच मंडळीत नवं भांडण उभं राहिलं. सगळ्यांना लोअर हवी होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या रखमाजींनी विचारलं, गुडघे हे असे, मी वर चढणार कसा? देवानंदरावांनी शांतपणे सांगितलं की चढायचं काम दुसरे करतील. मग महिला मंडळाच्या भावनाबाईंनी निराळीच शंका काढली. शेवटच्या दिवशी कर्णा वाजून मेलेले उठतील तेव्हा लोअरवाले लगेच उठून चालू लागतील, आणि अपरवाले उतरायची जागा शोधत बसतील. पाळकसाहेब म्हणाले, त्या दिवशी तशी गर्दी होणार नाही. भावनाबाईंचं समाधान झालं नाही, पण वरची जागा स्वर्गाला तेवढीच जवळ, असा हिशेब करून शेवटी त्यांनीच अपर घेतली.

देवानंदरावांनी वयाप्रमाणे खालच्या जागा दिल्या आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर स्वतःचा फॉर्म भरला. त्यांच्या वाट्याला पंधरा नंबर आला. लोअर होती, पण जिन्याखालच्या खोलीसारखी, आखूड आणि ओलसर. कुणालाच नको होती म्हणून राहिली होती.

नीलाबाईंनी फॉर्म भरलाच नाही. त्यांचं फार पूर्वी ठरलं होतं. अंकुशनगरजवळ, उसाच्या फडाच्या कडेला, त्यांच्या आईवडिलांच्या कबरी होत्या. शेजारी जागा मोकळी, कॅनॉलचं पाणी, गारवा. भावाने सांगून ठेवलं होतं की ताई, तुझी जागा हाय. देवानंदरावांनी रोमहून आल्यापासून निरनिराळ्या तऱ्हेने विषय काढून पाहिला. त्यांना रात्री पलीकडच्या बाजूने येणारा बांगड्यांचा आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नसे; पण हे त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते पेवाच्या हवेशीरपणाबद्दल बोलत. पाळकसाहेब म्हणाले, मेल्यावर कुठं पडलं तरी काय फरक पडतो? देवानंदरावांना पडत होता.

आणि पुढच्या रविवारी, त्या अठरा तारखेला, खिडकी बंद करायच्या वेळी त्यांनी मान वर केली, तर पुढं नीलाबाई उभ्या. मुठीत पाचशे एक रुपये. घरात एक शब्द न बोलता त्या रांगेत लागल्या होत्या आणि त्यांच्या पुढची पैसे भरणारी माणसं संपेपर्यंत तासभर उभ्या होत्या. असल्या क्षणी नवऱ्याने काय करावं हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नाही. देवानंदरावांनी चार्ट पाहिला. पंधरा जागा गेलेल्या. वेटिंगला दोन नावं. त्यांनी पैसे घेतले, नाव लिहिलं आणि गेली पस्तीस वर्षं ज्या आवाजात सांगत होते त्याच आवाजात सांगितलं, "वेटिंग तीन."

नीलाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. आणखी काही येत नाही असं पाहून त्या म्हणाल्या, "जिती होते तवर वेटिंग. आता मेल्यावर बी वेटिंगच का?"

दाराशी दोन बायका होत्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीत झालं.

घरी भांडण झालं नाही, तेच वाईट होतं. ताट वेळेवर यायचं, चहा वेळेवर यायचा. फोनवर नीलाबाईंनी भावाला सांगितलं की ती उसाकडची जागा साफ करून ठेव, बाभळी तोडून टाक. देवानंदराव पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

आता एकच मार्ग होता, कुणीतरी बुकिंग रद्द करणं. देवानंदराव एकेकाच्या घरी जाऊन आडून आडून विचारू लागले. कुणी रद्द करायला तयार नाही. उलट जागा पक्की झाल्यापासून लोकांच्या तब्येती सुधारल्या होत्या. रखमाजी आठ दिवस तापाने आडवे होते असं कळलं, म्हणून देवानंदराव तिकडं गेले आणि उशाशी बसून म्हणाले, काका, कसं वाटतंय? रखमाजींनी एक डोळा उघडला.

"चार्ट लागायच्या आधीच टीसी कसा काय आला?"

देवानंदराव म्हणाले, सहज आल्तो. रखमाजी म्हणाले, सहज कुणी वेटिंगवाला येत नसतो. दुसऱ्या दिवशी ते उठून काठी न घेता पोस्टात जाऊन आले, आणि येताना मुद्दाम खरातांच्या दारावरून आले.

मार्चच्या एका शुक्रवारी देवानंदराव एकटेच पेवात उतरले. लालमियाँचं काम बरंच झालं होतं. कप्पे कोरून, घासून तयार होते. त्यांना पंधरा नंबर आखूड आहे की काय, ते पाहायचं होतं. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं. ते कप्प्यात शिरून आडवे झाले, पाय दुमडून पाहिले, मग सरळ केले. बाहेर ऊन तापलेलं, आत गार. डोळा लागला.

लालमियाँ शुक्रवारच्या नमाजला निघाले. जाताना त्यांनी आत डोकावलं. कप्प्यातलं माणूस वरून दिसत नव्हतं. पोरं उतरतील म्हणून शहाण्यासारखी शिडी काढून भिंतीला टेकवली आणि गेले.

देवानंदराव जागे झाले तर डोक्यावर एक पांढरं वर्तुळ आणि शिडी नाही. त्यांनी हाका मारल्या. पेवाची घडणच अशी की आतलं आत राहावं, आवाजही राहिला. ते पुन्हा पंधरा नंबरवर बसले. समोर चौदा रिकाम्या जागा. चौदाही कन्फर्म. आपण इथं कायमचे आलो तर शेजारी कोण असेल, याचा त्यांनी अंधारात पहिल्यांदाच नीट विचार केला. वरच्या दोन्ही जागांवर भावनाबाई आणि त्यांची नणंद होत्या.

एक वाजून गेला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि देवानंदराव एक वाजता जेवायला बसले नाहीत असं कधी झालं नव्हतं. नीलाबाईंनी अर्धा तास वाट पाहिली, मग डबा भरला आणि हल्ली ते घरी नसले की तिथंच असत, म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत आल्या. वर्तुळात त्यांचं डोकं दिसलं.

"खाली कोन हाय?"

"मी."

"जेवायचं न्हाई का?"

"शिडी न्हाई."

नीलाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. शिडी सागवानी, दोन माणसांनी उचलायची. त्यांनी हलवून पाहिली, हलेना. लालमियाँ येतील आता, असं म्हणून त्या पेवाच्या तोंडाशी पदर आवरून बसल्या. बादलीची दोरी होती. तिला डबा बांधून खाली सोडला. देवानंदराव पंधरा नंबरवर बसून पिठलं-भाकरी खाऊ लागले. वरून प्रश्न आला.

"आवडली का जागा?"

"अंधार लई हाय," देवानंदराव म्हणाले. मग घास गिळून म्हणाले, "आन शेजारी कोनीच न्हाई."

"चौदा जण हायेत की."

"ते असून न्हाई."

देवानंदरावांनी भाकरी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांनी केलं नव्हतं ते ते करायला निघाले होते. "नीला, तू ही पंधरा नंबर घे. मी माझं रद्द करतो."

"रद्द केलं की ती मला येती?"

खोटंच हो म्हटलं असतं तरी ऐकायला वर दुसरा कुणी साक्षीदार नव्हता. खालीही नव्हता. देवानंदराव म्हणाले, "न्हाई. वेटिंग एकला जाते."

"ते कोन?"

"मिसाळ मास्तर."

"मंजे तुमी उठायचं आन मिसाळ मास्तरानं येऊन पडायचं. आन मी?"

"तू वेटिंग दोन होशील."

आधी त्यांना वाटलं ती रडते आहे. मग कळलं की नीलाबाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी जमिनीवर हात टेकला, तशी थोडी माती देवानंदरावांच्या पिठल्यात पडली. "खड्ड्यात पडून बी नियमच सांगून राह्यलेत," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले असते तं मी आजच्या आज अंकुशनगरला गेले असते. एवढे दिवस वेटिंग काढून राह्यले, ते काय लबाड माणसासाठी?"

देवानंदरावांना हे नीट समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांना एकदम गाडीची साइड लोअर दिसली. आरएसी. जागा एक, माणसं दोन, समोरासमोर पाय दुमडून बसलेली. जागा आपली विकलेली आहे, पैसे भरलेले आहेत. तिच्यावर आपण आपल्या माणसाला घेतलं तर कुणाचा नंबर मारला जातो? त्यांनी नियम उलटसुलट करून तपासला. कुणाचाच जात नव्हता.

"आरएसी," ते वर पाहून म्हणाले. "ह्याच जागेवर दोघं. लालमियाँ आतल्या बाजूला अजून दीड फूट कोरतील."

"आखूड हाय म्हणले ना?"

"पाय दुमडू."

नीलाबाईंनी विचार केला. "भिंतीकडं मी. तुमी रात्री धा खेपा उठता."

"तिथं कशाला उठंन मी?"

"सवय हाय तुमाला."

लालमियाँ नमाजहून आले तेव्हा नवरा खाली, बायको वर, आणि मध्ये दोरीला रिकामा डबा लोंबकळतोय असं दृश्य होतं. त्यांनी कानाला हात लावून माफी मागितली आणि शिडी सोडली. देवानंदराव वर आले, अंगावरचा मुरूम झटकला आणि पहिलं काम म्हणून पंधरा नंबर किती आत वाढवायचा ते समजावून सांगितलं. लालमियाँनी विचारलं, दोघांसाठी? मग नीलाबाईंकडं पाहून म्हणाले, "भाभी, मंग तं दोन फूट घेतो. बराबर ऐसपैस होईल."

पंचांच्या पुढच्या बैठकीत आरएसी मंजूर झाली. मिसाळ मास्तरांनी हरकत घेतली, पण आपला नंबर कुठं मागं गेला ते त्यांना दाखवता आलं नाही. त्यानंतर आणखी दोन जोडप्यांनी आरएसीसाठी अर्ज केला. तिसरं एक जोडपं शेजारी-शेजारी होतं, त्यातल्या बाईंनी लांबची जागा मिळेल का म्हणून विचारलं. देवानंदरावांनी सांगितलं, बदल आपसात करून घ्यावा, खिडकीवर होणार नाही.

नीलाबाईंनी भावाला फोन केला. बाभळी तोडल्यास का, म्हणून विचारलं. तोडल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, तोडल्यास ते बरं केलंस, तिथं भेंडी लाव. वेटिंग तीन नंबरचे पाचशे एक देवानंदरावांनी त्यांना पावतीवर सही घेऊन परत दिले.

महापालिकेची परवानगी अजून आलेली नाही. पेवात कुणी गेलेलं नाही. रखमाजी निर्मळ एकोणनव्वद पूर्ण करून नव्वदाव्या वर्षात आहेत आणि काठी त्यांनी नातवाला क्रिकेटचे स्टंप करायला दिली आहे. पंधरा नंबर वाढवायची मजुरी मंडळीच्या खर्चात धरलेली नव्हती, ती देवानंदरावांनी स्वतः द्यायची होती. लालमियाँचे त्यातले दीडशे रुपये अजून द्यायचे आहेत.